अवधूतरावांची सत्तावीस माणसं

अवधूतराव देवस्थळींना गेली तीन वर्षं नीट ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः. दुसरी कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलातली कान तपासणारी बाई. तिसरी त्यांची बायको मधुमती. ते स्वतः कबूल करत नव्हते. कान तपासणाऱ्या बाईला हा माणूस दर जुलैत काय करतो याची कल्पना नव्हती. म्हणजे ओझं काय ते मधुमतीच्या एकटीच्या डोक्यावर होतं.

दर जुलैत ते माणसं घेऊन फ्रान्सला जात. पॅरिसला नव्हे. पॅरिसला कोणीही जातं, असं ते म्हणत. ते डोव्हरहून बोटीनं पलीकडे उतरत आणि पॅरिसला लांबूनच वळसा घालून दीड दिवस खाली दक्षिणेकडे जात. जिथे अक्रोडाच्या बागा आहेत, प्रत्येक टेकाडावर एखादा पडका किल्ला आहे, आणि गुहांतून हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बैल आणि घोडे काढून ठेवले आहेत.

हे वेड त्यांना उशिरा लागलं. चौऱ्याऐंशी साली पुण्याहून इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आल्यापासून बावीस वर्षं त्यांनी मोटारींच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काढली होती. पत्र्यावर साचा पडला की पायाखालची फरशी हलायची. कानात घालायला बोळे मिळत, पण ते घालणाऱ्याला बाकीचे हसत, म्हणून कोणी घालत नसे. पुढे कारखाना बंद झाला आणि पन्नाशी न गाठलेला धडधाकट माणूस एकाएकी घरी बसला. सकाळी सहाला उठून बूट घालायचा आणि खिडकीशी उभा राहायचा. मधुमती तेव्हा एका प्राथमिक शाळेत मुलांना जेवण वाढणारी डिनर लेडी होती. शाळेला सुट्टी लागल्याबरोबर तिनेच त्यांना गाडीत बसवलं आणि म्हणाली, "कुठेही चला, पण चला."

त्या पहिल्या खेपेला एका पडक्या किल्ल्यावर उभे राहून अवधूतरावांनी तिकिटं फाडणाऱ्या फ्रेंच म्हाताऱ्याला विचारलं होतं, "पाण्याची टाकी कुठंय? एवढी शिबंदी पाणी कुठलं प्यायची?" म्हातारा हरखला. त्यानं कुलूप काढून त्यांना दगडात खोदलेलं टाकं दाखवलं. कॉलेजात असताना पुण्याभोवतालचे गड पालथे घातलेला माणूस होता तो. किल्ला दिसला की आधी पाणी शोधायची सवय. परत येताना गाडी चालवता चालवता ते गुणगुणत होते. कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या वर्षी गावातल्या मराठी मंडळातली चार कुटुंबं बरोबर आली. पाचव्या वर्षी मोठी बस, कोच, भाड्यानं करावी लागली. ते संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकले. गुहांचं आरक्षण, शाकाहारी जेवणाचे निरोप, गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमी पायऱ्यांची वाट, सगळं ते महिनोन्‌महिने आधी ठरवून ठेवत. आणि माणसं मोजण्याची त्यांची एक पद्धत होती. तीही गडांवरूनच आणलेली. निघताना प्रत्येकाला आकडा द्यायचा. कुठूनही हलायचं झालं की अवधूतराव "एक!" म्हणून पुकारत, मग दोन, तीन, चार, ज्यानं त्यानं आपला आकडा मराठीतून ओरडायचा. शेवटचा आकडा आल्याशिवाय गाडीचं दार लागत नसे. एकोणीस वर्षांत एकही माणूस मागे राहिला नव्हता. मंडळात कुणी "किती विश्वासानं जातो हो आम्ही तुमच्याबरोबर" असं म्हणालं, की अवधूतराव "त्यात काय" म्हणत आणि दोन दिवस खुशीत असत.

मग आवाज हरवायला लागले. आधी पातळ आवाज गेले. कुकरची शिट्टी, दाराची बेल, पाखरं. बायकांचं बोलणं अर्धंमुर्धं पोचायचं, मुलांचं मुळीच नाही. पुरुषांचे जाड आवाज तेवढे शाबूत राहिले. टीव्हीवर अक्षरं लावून घेतली तेव्हा ते म्हणाले, स्पेलिंग सुधारतं. त्यांचं बोलणं वाढलं. आधी मितभाषी म्हणून ओळखला जाणारा माणूस आता कुणाला तोंड उघडू देईना, आणि मंडळातले म्हणायला लागले, अवधूतराव वय वाढलं तसे खुलले. मधुमतीला मात्र समजत होतं. स्वतः बोलत असताना ऐकावं लागत नाही.

हॉस्पिटलनं कानात घालायची दोन यंत्रं दिली. ती मोज्यांच्या खणात गेली.

"अहो, निदान सहलीत तरी घाला."

"शिट्टी मारतं ते कानात. आणि लोकांना काय सांगू? तुमचा पुढारी बहिरा आहे, चला माझ्यामागून?"

"बहिरा कोण म्हणतंय? चष्मा लावता तसंच आहे ते."

"तू असतेस ना शेजारी," ते म्हणाले. "मग झालं तर."

ती असायची. दोन नंबर तिचा. मोजणीच्या वेळी ती त्यांच्या डाव्या अंगाला उभी राही आणि शेवटचा आकडा पुकारला गेला की त्यांचं कोपर दाबे. मग ते भारदस्तपणे मान हलवत आणि म्हणत, "चला." दोन सहली अशा पार पडल्या. हे बरोबर नाही हे तिला कळत होतं. पण खिडकीशी बूट घालून उभा असलेला माणूस तिनं एकदा पाहिला होता, आणि तो पुन्हा घरात यायला तिला नको होता.

यंदा नात बरोबर आली.

मुलगी नीना ग्लासगोला डॉक्टर. जावई अनुप कामासाठी परदेशी. स्कॉटलंडातल्या शाळा जूनच्या अखेरीस बंद होतात, आणि नीनाच्या ड्युट्या अशा लागल्या होत्या की आठ वर्षांच्या ईशिताला पंधरा दिवस कुठे ठेवायचं हा प्रश्नच होता.

"आई, मी पाठवते तिला तुमच्याबरोबर. पण बाबा ठीक आहेत ना? फोनवर माझं ऐकतच नाहीत. आपलंच चालू ठेवतात."

मधुमतीच्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकाशी आलं होतं. पण ती म्हणाली, "वय झालं की होतं गं तसं."

"नक्की?"

"नक्की. तू काळजी करू नकोस."

आई जेव्हा आपल्या लेकीला काळजी करू नकोस म्हणते, तेव्हा ती काळजी ती स्वतःकडे घेत असते. मधुमतीनं घेतली. त्या रात्रीपासून तिची झोप गेली. ईशिताला तिनं पिवळ्याजर्द रंगाची टोपी घेतली, लांबून दिसावी म्हणून. तिच्या खिशात आपला फोननंबर लिहिलेली चिठ्ठी घातली. मग ती चिठ्ठी भिजली तर, म्हणून दुसरी प्लॅस्टिकमध्ये घातली.

ईशिताला शेवटचा आकडा मिळाला, सत्तावीस. वीसपर्यंत तिला मराठी आकडे येत, पुढे सगळा गोंधळ. पहिल्याच मोजणीला ती अडखळली, लाल झाली, आणि मागून विनय पेठकरांनी आपल्या खर्जातल्या आवाजात "सत्तावीऽऽस!" अशी आरोळी ठोकली. सगळे हसले. विनय पेठकर म्हणजे मंडळाचे भजनी बुवा. त्यांचा आवाज कोचच्या काचांना जाणवायचा.

"विनयआजोबा, that's my number!"

"अगं, तुझाच आहे. मी फक्त वाहून नेतोय. जड आहे ना तो!"

तेव्हापासून तो खेळच झाला. ईशिता तोंड उघडायची आणि त्याआधीच पेठकर ओरडायचे. मधुमतीही हसली होती. तिच्या नवऱ्याचा चेहरा किती उजळला हे तिनं पाहिलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शेवटचा आकडा स्वतःच्या कानांनी ऐकू येत होता. कोपर दाबायची गरज उरली नव्हती. तेव्हाच तिच्या मनात काहीतरी टोचलं, पण काय टोचलं ते तिला धड सांगता आलं नसतं.

दोन दिवस छान गेले. गुहेतले बैल पाहून झाले. बाराव्या शतकातल्या किल्ल्यावर अवधूतरावांनी पाण्याच्या टाक्यावर वीस मिनिटं भाषण केलं. एका खेड्यातल्या खानावळीत बटाटे बदकाच्या चरबीत तळलेले निघाले आणि वरदा लिमये दोन घास खाऊन उठल्या. मग रात्री खोलीत दशम्या आणि मेतकूट बाहेर निघालं. वरदाताईंना मधुमेह होता. त्यांचं खाणंपिणं चुकलेलं मधुमतीला आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी व्हेरन नावाच्या लहानशा नदीच्या घळीत जायचं होतं. दोन्ही बाजूंना उंच पांढरे कडे, मधे हिरवं, गुडघाभर पाणी, काठाला गुळगुळीत गोट्यांचं विस्तीर्ण वाळवंट, आणि वळणावर पाण्याच्या मधोमध जुन्या दगडी पाणचक्कीच्या उभ्या राहिलेल्या भिंती. वर, दोन डोंगरांपलीकडे, विजेसाठी बांधलेलं धरण होतं. ते मात्र खालून दिसत नव्हतं. गाडीतळापासून पायवाटेनं दहा मिनिटं उतार.

पायवाटेच्या तोंडाशी एक पाटी होती. तिच्यावर माणसाचं चित्र होतं, काठाकडे पळणाऱ्या माणसाचं, आणि त्याच्या पाठीमागे लाट. आकाश निरभ्र होतं. लोकांनी त्या पाटीपाशी फोटो काढले.

खाली गोट्यांवर सतरंज्या पसरल्या जात होत्या तेव्हा सायकल हातात धरून एक मुलगी आली. अंगात पिवळं जाकीट, कपाळावर घाम, वय विशीच्या आसपास. तिनं विचारलं असावं की तुमचा प्रमुख कोण. सगळ्यांनी अवधूतरावांकडे बोटं दाखवली. ती त्यांच्याशी बोलली. तिचा आवाज पातळ होता, पाखरासारखा. बोलता बोलता तिनं नदीच्या वरच्या अंगाला हात केला, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, आणि तळवा आडवा धरून गुडघ्यापासून वर नेला. कमरेपर्यंत.

"वी, वी," अवधूतराव हसून फ्रेंचमध्ये हो म्हणाले. "दाकोर. मेर्सी."

तिनं पुन्हा काहीतरी विचारलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली. ती सायकल घेऊन पुढच्या वळणाकडे निघून गेली.

"काय म्हणत होती?" मधुमतीनं जवळ जाऊन, तोंड त्यांच्यासमोर धरून विचारलं.

"काही नाही गं. कुठून आलात, किती वेळ आहात. चांगली होती पोर."

"हात कसला दाखवत होती? पाणी..."

"पाणी पुढे खोल आहे म्हणाली. पोहू नका म्हणाली. आपल्यात कोण पोहणार आहे? पेठकर?"

पेठकरांनी पोटावर हात फिरवला. "मी तरंगेन, पोहायची गरजच नाही."

सगळे हसले. मधुमतीनं नदीकडे पाहिलं. हिरवं, शांत पाणी. ईशिता त्यात घोट्यापर्यंत पाय घालून उभी होती. मधुमतीनं तो आडवा तळवा पाहिला होता. गुडघ्यापासून कमरेपर्यंत जाणारा. खोल पाणी असं दाखवत नाहीत, वर चढणारं पाणी असं दाखवतात. तिला वाटलं, त्या मुलीच्या मागे जावं आणि मोडक्या इंग्रजीत का होईना विचारावं. पण पंचवीस माणसांसमोर नवऱ्याला ऐकू आलं नाही असं जाहीर करण्यासारखं झालं असतं ते. ती उठली, पुन्हा बसली. तिनं पोहे वाढायला घेतले.

अडीच वाजता वरदाताईंच्या हाताला कापरं सुटलं. चेहरा पांढराफटक, ओठांवर घाम. त्यांची साखर उतरली होती आणि साखरेच्या गोळ्यांची पिशवी वर कोचमध्ये राहिली होती. मधुमतीनं खिशातली बिस्किटं त्यांच्या तोंडात कोंबली आणि त्यांना उठवलं.

"अहो, मी यांना घेऊन वर जाते. तुम्ही पंधरा मिनिटांत सगळ्यांना आणा. ऐकलंत? ईशिताला हाताशी ठेवा."

"हो, हो. जा तू."

तिनं पेठकरांनाही सांगितलं, "आम्ही दोघी वर चाललोय."

चढावरून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. पिवळी टोपी अवधूतरावांच्या जवळच होती.

पुढे काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पावणेतीनला अवधूतरावांनी हाळी दिली, "एक!" दोन नंबर वर गेला होता, म्हणून कुणीतरी म्हणालं, "दोन वर!" अकरा नंबर वरदाताईंचा, "अकरा वर!" असं त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. मोजणी धडाधड पुढे सरकली. ऊन चढलं होतं, सगळ्यांना गाडीतली गार हवा हवी होती. सव्वीस झाले. पिवळी टोपी दिसत नव्हती, पण पेठकर धरून चालले होते की आजीबरोबर नातही वर गेली. दोन दिवसांच्या सवयीनं, भरदार आवाजात, त्यांनी पुकारा केला.

"सत्तावीऽऽस!"

अवधूतरावांना तो आकडा स्वच्छ ऐकू आला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चला."

वर कोचच्या पायरीवर मधुमती वरदाताईंना लिंबूसरबत पाजत होती. माणसं धापा टाकत एकेक करून येऊ लागली. ती प्रत्येकाच्या मागे पाहत होती. पेठकर आले. सर्वांत शेवटी अवधूतराव आले, हातात रिकामी सतरंजी.

"ईशिता कुठाय?"

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"ईशिता! कुठाय ईशिता?"

"तुमच्याबरोबर..." पेठकर म्हणाले आणि थांबले. "वहिनी, तुमच्याबरोबर नव्हती?"



मधुमती धावली. एकसष्टाव्या वर्षी, साध्या चपला, गोट्यांची उतरती वाट. तिच्यापुढे अवधूतराव धावत होते, मागून पेठकर. अर्ध्या वाटेवर तिला तो आवाज आला. सकाळपासून नदी कुजबुजत होती. आता ती घसा खाकरल्यासारखी घरघरत होती. दगड दगडावर घासत होते.

"अहो, पाणी! पाण्याचा आवाज ऐका!"

ते वळले नाहीत. खाली वाट फुटत होती. डावीकडे सतरंज्या पसरल्या ती जागा, उजवीकडे पाणचक्की. अवधूतराव "ईशिता! ईशिता!" असं कडे दुमदुमतील इतक्या मोठ्यानं ओरडत डावीकडे गेले. आणि त्यांच्या हाकांच्या मधल्या फटीतून मधुमतीला उजवीकडून अगदी बारीक आवाज आला.

"आजीऽ!"

"अहो! इकडे! उजवीकडे!"

ते धावत राहिले, पाठमोरे, दूर. त्यांच्यामागे जाऊन त्यांना वळवायचं की पोरीकडे जायचं, एवढाच क्षण होता. "विनयराव, त्यांना धरा," ती ओरडली आणि उजवीकडे वळली.

गोट्यांचं वाळवंट नाहीसं झालं होतं. त्याच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी फांद्या घेऊन चाललं होतं. पाणचक्कीकडे जाणाऱ्या पायदगडांपैकी एकही दिसत नव्हता. आणि मधे, पुरुषभर उंचीच्या भिंतीवर, गुडघे छातीशी घेऊन ईशिता बसली होती. टोपी नव्हती.

काठावर ती पिवळ्या जाकिटाची मुलगी उभी होती. एका हातात फोन, दुसरा हात ईशिताकडे पसरलेला, तळवा खाली: बस, हलू नकोस. मधुमती पाण्यात उतरायला गेली तशी तिनं तिचा दंड घट्ट पकडला. "नो, मादाम. शी इज हाय. द वॉटर स्टॉप देअर." तिनं भिंतीवरची एक काळी रेघ दाखवली. ईशिताच्या पायांच्या हातभर खाली होती ती रेघ. पाणी रेघेच्या दोन वीत खाली होतं आणि चढत होतं.

"बाळा, बस तिथेच! आजी इथे आहे! खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ!"

"आजी, माझा shoe गेली!"

"जाऊ दे गं. आपण दुसरा आणू. माझ्याकडे बघ."

मग खालच्या अंगाकडून अवधूतराव आले. नात दिसल्याबरोबर ते सरळ पाण्यात शिरले. ती मुलगी किंचाळली. मधुमती किंचाळली. भिंतीवरून ईशिता किंचाळली, "आजोबा, नो!" तिन्ही आवाज पातळ, तिन्ही बायकांचे. ते मांडीभर पाण्यात गेले, मग कमरेपर्यंत, आणि पाण्यानं त्यांना एका बाजूला असं ढकललं, जसं कुणी दार ढकलतं. पेठकरांनी मागून त्यांचा पट्टा पकडला. दोघेही गुडघ्यांवर पडले. पेठकरांनी त्यांना ओढत, शिव्या देत काठावर आणलं.

पाणी काळ्या रेघेपर्यंत आलं. तिथे ते बराच वेळ राहिलं. बंबवाले रबरी होडी घेऊन येईपर्यंत पन्नास मिनिटं मधुमती ईशिताशी बोलत होती. शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल, घरी गेल्यावर काय खायचं याबद्दल. तिचा घसा बसला. सगळी मंडळी हळूहळू खाली येऊन मागे उभी राहिली होती.

होडीतून उतरल्यावर ईशिता आजीला बिलगली. दात वाजत होते. मग ती म्हणाली, "मी वॉलवर चढली, castle बघायला. मग मला उतरायला येईना. मग आजोबा counting करत होती. मी हाक मारली. सगळे वर गेली, आजोबा इथेच होती, एवढ्या जवळ. मी lots of times हाक मारली. ती बघितलीच नाही. आणि गेली."

पिवळ्या जाकिटाची मुलगी अवधूतरावांसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण रागानं. ती तुटक इंग्रजीत म्हणाली, "आय टेल यू. थ्री ओ'क्लॉक, दे ओपन द वॉटर. आय आस्क, यू अंडरस्टँड? यू से येस."

तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ऐकू आलं.

अवधूतराव ओल्या कपड्यांनी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती काही तरी चांगलं बोलत असावी, कदाचित धीर देत असावी, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी मान डोलावली.

"वी," ते म्हणाले. "वी. मेर्सी."

पेठकरांनी मान खाली घातली. वरदाताईंनी पदर तोंडाशी नेला. मधुमतीनं पंचवीस चेहऱ्यांवर एकामागून एक अर्थ उमटत जाताना पाहिला, आणि मग ते सगळे चेहरे तिच्याकडे वळले.

परतीला दीड दिवस लागला. पेठकर सगळी वाट ईशिताच्या मागच्या सीटवर बसून होते आणि मधून मधून रुमालानं डोळे पुसत होते. मधुमतीनं फोनवर नीनाला सांगितलं, पण अर्धंच. पाण्यात जरा अडकली होती, आता छान आहे. उरलेलं ईशितानं सांगितलं.

कॉव्हेंट्रीला आल्यावर अवधूतरावांनी मोज्यांचा खण उघडला. यंत्रं कानात बसेनात. हॉस्पिटलनं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मंडळातून कुणाचा फोन आला नाही. सकाळी सहाला ते उठत, बूट घालत आणि बागेत जाऊन उभे राहत.

रविवारी दुपारी नीना आली. ती आईला भेटली, लेकीला कवटाळून बराच वेळ तशीच राहिली. मग उठून मागच्या दाराशी गेली. अवधूतराव पाठमोरे वाफ्याला पाणी घालत होते.

"बाबा," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

मग दोन पावलं पुढे जाऊन, "बाबा."

मग अगदी मागे उभं राहून. ती डॉक्टर होती. तिला किती पावलं झाली ते मोजता येत होतं. तिनं चौथ्यांदा हाक मारली नाही. आत आली आणि दार लावून घेतलं.

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"त्यांचं मी समजू शकते, आई. त्यांना ऐकूच आलं नाही. पण ती मुलगी हातानं दाखवत होती, आणि तू बघत होतीस. ईशिता सांगत होती, आजी उठली आणि परत बसली."

मधुमतीला वाटलं होतं ते कुणी पाहिलं नाही.

"मला वाटलं, चारचौघांत त्यांचं..." ती म्हणाली. पुढचा शब्द तिला सापडला नाही. जे सापडले ते सगळे लेकीसमोर उच्चारण्याच्या लायकीचे नव्हते.

नीनानं वर जाऊन ईशिताची बॅग भरली. पाच मिनिटं लागली. दोघी खाली आल्या तेव्हा अवधूतराव बागेतून आत येत होते. लेक दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा फुलला.

"अरे! कधी आलीस? सांगितलं नाहीस ते!"

"आम्ही निघतोय, बाबा," नीना म्हणाली. "ईशिताला आता इथे ठेवणार नाही."

"वा, वा. छान," अवधूतराव हसून म्हणाले आणि हात धुवायला बेसिनकडे वळले. "मग जेवायला काय करायचं? ईशे, तुला काय हवंय?"

ईशिता आईच्या हाताला धरून दारात उभी होती. तिनं आजोबांकडे पाहिलं, मग आजीकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

बाहेर टॅक्सी आली होती. दार उघडं टाकून दोघी गेल्या. मधुमतीनं टॉवेल घेतला, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, त्यांचे ओले हात टॉवेलात धरले आणि ते तिच्या ओठांकडे पाहीपर्यंत थांबली. मग एकेक शब्द सुटा करून, नीना काय बोलून गेली तिथपासून, तिनं त्यांना सांगायला सुरुवात केली.